तीस कोऱ्या नोटा

तोलेगेनला या सहलीत सात हजार सहाशे पन्नास सोम सुटणार होते. हा आकडा त्याने कुणाला सांगितला नव्हता, कागदावर मांडलाही नव्हता. पण अल्माटीहून गाडी निघाल्यापासून तो दातात अडकलेल्या मांसाच्या धाग्यासारखा मनात बसला होता. जीभ राहून राहून तिकडेच जायची, आणि खरं सांगायचं तर त्याला त्यात गंमतही वाटायची.

हिशेब सरळ होता. पावाच्या कारखान्यातले सहा जण आठ दिवस सीमेपलीकडे काराकोलला स्की करायला निघाले होते. प्रत्येकाने साडेसत्त्याहत्तर हजार टेंगे काढले. एकूण चार लाख पासष्ट हजार. पैसे कुणाकडे द्यायचे याची चर्चासुद्धा झाली नाही. तोलेगेन कारखान्याचा रोखपाल. टेंगे नावाचं चलन निघालं तेव्हापासून, म्हणजे वीस वर्षं तो पगार वाटत होता, आणि वीस वर्षांत त्याच्या हातून एक टेंगा इकडचा तिकडे झाला नव्हता.

"काराकोलला पैसे बदलायच्या खिडकीवर टेंग्याला एकतीस तियिन देतात, शंभर तियिनचा एक सोम," त्याने सगळ्यांना सांगितलं. "म्हणजे एक लाख चव्वेचाळीस हजार दीडशे सोम. त्यात आठ दिवस बसवायचे."

यात खोटं काही नव्हतं. टेंगे घेऊन गेलं तर तेवढेच मिळाले असते. पण परक्या मुलखातल्या खिडकीवर टेंग्याचं तोंड कोण बघतो? तिथे मान डॉलरला. तीन हजार डॉलर नेले, तर पन्नास सोम साठ तियिनच्या दराने एक लाख एक्कावन्न हजार आठशे. मधला फरक ही डोकं चालवण्याची मजुरी, असं त्याचं मत होतं. डोकं त्याचं, तर मजुरी दुसऱ्या कुणाची असणार?

इथवरही ठीक होतं. बँकेत जायचं, डॉलर विकत घ्यायचे, निघायचं. पण बँकेचा भाव एकशे पंचावन्न टेंगे ऐंशी. बाजारातला नोटा बदलणारा काद्यर त्याला नेहमी सरळ एकशे पंचावन्नने द्यायचा, आणि काद्यर लेकीच्या लग्नाला गावी गेला होता, सहल संपल्यावर परतणार होता. बँकेत गेलं तर दोन हजार चारशे टेंगे खिशातून घालावे लागले असते. म्हणजे कारखान्याचे चाळीस पाव. शिवाय बँक जुन्या, मळक्या नोटा गळ्यात मारते, आणि काराकोलचे लोक घडी पडलेली नोट दिसली की दर पाडतात.

कोऱ्या करकरीत नोटा घरातच होत्या. आपाच्या पेटीत. शंभराच्या तीस.

आपा म्हणजे त्याची आई, बातिश. वय त्र्याऐंशी, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तिच्या वयाच्या सगळ्या बायकांसारखं तिनेही आपलं मरणाचं गाठोडं बांधून ठेवलं होतं: कफनाचं पांढरं कापड, साबण, मयत धुणाऱ्या पाच बायकांसाठी पाच रुमाल, कबर खणणाऱ्यांसाठी टॉवेल, आणि हातरुमालात गुंडाळलेले डॉलर. ते तोलेगेननेच तिच्या पेन्शनमधून बारा वर्षं, वर्षाला दोन-तीन असे आणून दिले होते. एकदा घडी पडलेली नोट आणली, तर म्हातारीने बोटं फिरवून परत केली होती.

"बदलून आण. मला धुणाऱ्या बाईच्या हातात असली नोट ठेवणार का? म्हणेल, बातिश जन्मभर चुरगळलेली होती, जातानाही चुरगळून गेली."

पेटीची किल्ली तिच्या गळ्यातल्या दोऱ्यात असायची. "कुलूप घट्ट झालंय आपा, तेल घालतो," म्हणून तोलेगेनने ती मागून घेतली. हातरुमालातले डॉलर काढले, त्या जागी चार लाख पासष्ट हजार टेंगे ठेवले, गाठ होती तशीच मारली. सहलीहून आलं की काद्यरकडून तीस कोऱ्या नोटा घ्यायच्या आणि परत ठेवायच्या. भाव कित्येक महिने एकशे पंचावन्नच्या आसपास होता. तो नऊ दिवसांत कुठे पळून जाणार?

*

हिवाळ्यात केगेनचा घाट बंद असतो, त्यामुळे बिश्केकवरून वळसा घालून बारा तास लागतात. बिश्केकला कारखान्याचा वीजतंत्री सेरिकबोल तोलेगेनला आदराने हाक मारून म्हणाला, "तोलेके, इथे पैसे बदलणाऱ्यांची अख्खी रांग आहे. इथला दर चांगला असतो म्हणतात. थांबायचं का?"

"काराकोललाच बघू," तोलेगेन म्हणाला. इथे थांबलं असतं तर पाच जण मागे येऊन उभे राहिले असते.

"तुमचं डोकं, तुमची वही," सेरिकबोल हसून म्हणाला. "आमच्याकडे फक्त पाय आहेत. तेही मोडायला चाललोय."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाकीचे भाड्याचे बूट पायात बसवून बघत होते तेव्हा तोलेगेन एकटाच बाजारातल्या खिडकीवर गेला. आतल्या माणसाने पहिली नोट उजेडात धरली, मग दुसरी, मग अंगठ्याने सगळी चवड फर्रकन फिरवली आणि तोंडाने चक् केलं.

"कुठून आणल्यास रे भाऊ? ओव्हनमधून आत्ता काढल्यासारख्या आहेत."

"घरच्या आहेत."

"घरच्या असल्या नोटा लोक बाहेर काढत नाहीत," तो माणूस म्हणाला. "वीस दिल्यास तर पन्नास पन्नास. तिसाच्या तीस टाकल्यास तर पन्नास साठ."

शहाणा माणूस अर्ध्या ठेवतो, लागेल तशा मोडतो. तोलेगेन शहाणाच होता, म्हणून दहा तियिनसाठी त्याने सगळ्या टाकल्या.

पहिले दोन दिवस मजेत गेले. सकाळी लिफ्टने वर, देवदारांच्या मधून खाली, आणि वरच्या टोकाला उभं राहिलं की दूरवर तळ्याची निळी रेघ. तोलेगेन हळू पण न पडता घसरायचा. सेरिकबोल सुसाट जायचा आणि दर फेरीला पडायचा. प्रयोगशाळेच्या गालिना पेत्रोव्हना, वय एकसष्ट, दोघांच्या मधून शांतपणे निघून जायच्या आणि खाली थर्मासमधला चहा पीत दोघांची वाट बघायच्या. संध्याकाळी घरमालकीण बुरुल एजेच्या, म्हणजे बुरुलताईच्या, टेबलावर घोड्याचं मांस, शेवया आणि टीव्हीवर ऑलिम्पिक.

मंगळवारी दुपारी लिफ्टच्या रांगेत गालिना पेत्रोव्हनांचा फोन वाजला. त्यांनी हातमोजा दातात धरून तो कानाला लावला.

"काय म्हणतेस? कितीला? ... नाही गं, तू चुकीचं ऐकलंस." त्यांनी फोन खिशात टाकला. "डॉलर एकशे पंच्याऐंशी झाला. आज सकाळी. दुकानदारांनी दारं लावून घेतलीयत, आत भावाच्या चिठ्ठ्या बदलतायत."

"एकशे पंच्याऐंशी?" सेरिकबोल हसला. "गालिना पेत्रोव्हना, एका दिवसात पारा तरी एवढा चढतो का?" मग त्याचं हसू तोंडावर तसंच राहिलं आणि मागून चेहरा निघून गेला. त्याने गाडी घेतली होती, आणि कर्ज डॉलरमध्ये होतं.

तोलेगेनने भागाकार केला. वीस वर्षांत त्याला त्यासाठी कागद लागला नव्हता. चार लाख पासष्ट हजार भागिले एकशे पंच्याऐंशी: दोन हजार पाचशे तेरा. आपाच्या हातरुमालात आता चारशे सत्त्याऐंशी डॉलर कमी होते, आणि हे तो लिफ्टच्या रांगेत उभा असताना, कुणी पेटीला हातही न लावता झालं होतं. मागचा माणूस म्हणाला, "अहो, पुढे सरका ना." तो सरकला.

*

त्या संध्याकाळी बुरुल एजेच्या टेबलावर कुणी ऑलिम्पिक बघितलं नाही. सेरिकबोल खिशातले चाळीस हजार टेंगे घेऊन बाजारात जाऊन आला होता.

"बावीस तियिन! परवा एकतीस होता. तोही म्हणतो, तुझ्यावर दया म्हणून घेतोय." तो बसला आणि मग एकदम तोलेगेनकडे वळला. "थांबा, थांबा. आपले सगळे पैसे तुम्ही रविवारीच बदललेत ना? सगळे?"

"सगळे," तोलेगेन म्हणाला.

"अरे, माणूस आहे का कोण आहे हा! आज बदलायला गेलो असतो तर उपाशी परत जावं लागलं असतं. एजे, पेले आणा. तोलेकेंच्या डोक्याला!"

"मी मुलीला सांगितलं," गालिना पेत्रोव्हना म्हणाल्या, "आमच्याकडे एक माणूस आहे ज्याला सगळं आधी कळतं."

पाच पेले त्याच्या दिशेने वर झाले. तोलेगेननेही वर केला. सांगायचं तर आत्ताच, हे त्याला कळत होतं. हे लोक वाईट नव्हते. प्रत्येकाने थोडं थोडं उचललं असतं. पण खड्ड्यातून हात वर करायचा तर मुठीतले सात हजार सहाशे पन्नास आधी दाखवावे लागले असते. त्याने पेला संपवला.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. आपा फोनवर नेहमीच ओरडायची, जणू आवाज घाटावरून न्यायचा आहे.

"तोलेश! ऐकलंस का रे? आपल्या जिन्यातल्या सगळ्या बाया रडतायत आणि मी एकटी हसतेय. लाज वाटते, पण हसू येतंय. सूनबाई रौशनने हिशेब केला. माझ्या तीस नोटांचे नव्वद हजार जास्त झाले!"

"छान झालं, आपा."

"छान काय? शेजारची कुल्पाश मला म्हणायची, बातिश, तुझे डॉलर म्हणजे हिरवा कागद. आता तिचं सगळं गाठोडं टेंग्यात, बिचारीचं कफन गुडघ्यापर्यंत आखडलं. सोमवारी दुपारी तिला चहाला बोलावलंय. तिच्यासमोर मोजणार आणि त्यातली एक तिला देणार. अल्लाने वर घातलं ते एकटीने कसं खायचं? किल्ली तुझ्याकडेच आहे ना?"

"माझ्याकडे आहे."

"कुलूप झालं ना मोकळं?"

"झालं, आपा."

"माझं लेकरू," म्हातारी म्हणाली. त्याच्या आधीचा मुलगा गेल्यावर वर्षाच्या आत तो झाला होता, म्हणून त्याचं नाव तोलेगेन, देवाने भरून दिलेला. "जपून घसर. हाडं मोडून घेऊ नकोस."

*

बुधवारपासून सहलीचं जेवण बदललं.

"सगळं महागलंय," तोलेगेन म्हणाला, आणि त्यांना अश्ल्यानफूच्या गल्लीत घेऊन गेला. आंबट, तिखट पाण्यातल्या थंडगार शेवया. चाळीस सोमला वाटी. बाहेर उणे चौदा.

"हे मी पहिल्यांदाच बघतोय," सेरिकबोल वाटीत बघत म्हणाला. "बाहेर थंडी, आत थंडी. तोलेके, मध्ये माणूस कशाला ठेवलाय?"

"काराकोलला येऊन हे खाल्लं नाही तर आलो कशाला?"

"पहिल्या दिवशी आलोच होतो की, खायला. रोज यायचं असं कुठे ठरलं होतं?"

पण कुणी वाद घातला नाही. घरून रोज वाईट बातम्या येत होत्या, आणि ज्याने आपल्याला वाचवलं त्याच्याशी शेवयांवरून भांडायला सगळ्यांनाच संकोच वाटत होता. चार दिवसांत जेवणातले पाच हजार चाळीस सोम वाचले. शुक्रवारी गरम पाण्याच्या कुंडांवर जायचं होतं. रस्ता बर्फाने बंद आहे, असं तोलेगेनने सांगितलं. त्याचे चार हजार एकशे साठ. रस्ता उघडा होता. शेजारच्या घरातले पाहुणे त्याच दिवशी तिथून टॉवेल खांद्यावर टाकून, लालबुंद होऊन परतले. गालिना पेत्रोव्हना खिडकीतून त्यांच्याकडे बघत होत्या, आणि मग त्यांनी पडदा ओढून घेतला.

सेरिकबोल एकदा बाजूला घेऊन म्हणाला, "तोलेके, माझे हे चाळीस हजार आपल्या सोममधून बदलून द्या ना, जुन्या दराने. पोरीला खरे लोकरी बूट घ्यायचेत."

"वहीत बसत नाही रे."

"वही तुमचीच आहे."

"म्हणूनच बसत नाही," तोलेगेन म्हणाला. त्याला स्वतःचा आवाज बँकेच्या खिडकीतून आल्यासारखा वाटला.

रविवारी निघताना बुरुल एजेचा हिशेब करायचा होता. सहा माणसं, आठ रात्री, माणशी सहाशे: अठ्ठावीस हजार आठशे. तोलेगेन स्वयंपाकघरात गेला. ती चुलीपाशी बसून रास्पबेरीच्या मुरंब्याच्या बाटल्यांना झाकणं लावत होती.

"एजे, आमचं काय झालंय ते तुम्ही बघताच आहात," तो म्हणाला, आणि पुढचं बोलायला त्याला काही कष्ट पडले नाहीत, कारण त्यातलं बरंचसं खरं होतं. सेरिकबोलचं कर्ज खरं होतं. गालिना पेत्रोव्हनांची बुडालेली बचत खरी होती. फक्त त्यांच्या खोलीचे पैसे मागच्या रविवारीच सोममध्ये बदलून त्याच्या खिशात पडले होते, एवढंच त्याने सांगितलं नाही.

बुरुल एजेने ऐकून घेतलं. "शेजाऱ्याचं घर पडलंय, आणि मी भाडं मोजत बसू?" ती म्हणाली. "सहा हजार कमी दे. माझ्या नवऱ्याला सांगू नकोस, तो म्हणेल ही धर्मशाळा आहे का." मग तिने एक बाटली पुसून त्याच्या हातात दिली. "घरी आई आहे ना तुझी? तिला दे. दात नसले तरी चालतं."

गाडीत बसल्यावर तोलेगेनने वही काढली. आकडे सगळे बसवले होते. कुंडाच्या जागी लिफ्ट, मांसाच्या जागी महागाई. उरले शून्य.

"हिशेब वाचून दाखवतो," तो म्हणाला.

"ठेवा हो ती वही," सेरिकबोल म्हणाला. "तुमचा हिशेब आम्ही तपासायचा? लाज काढता का आमची?"

सगळ्यांनी होकार भरला. एकाने जरी वही मागितली असती तरी बरं झालं असतं, असं तोलेगेनला वाटलं, आणि असं वाटल्याबद्दल त्याने वही पिशवीत खोल घातली. त्या पिशवीत निघण्याआधी बाजारातल्या त्याच खिडकीवरून घेतलेले चारशे चाळीस डॉलर होते: चार शंभराच्या, दोन विसाच्या. वाचवलेल्यातले बावीस हजार सहाशे साठ सोम गेले होते, एकशे नव्वद उरले होते. खिडकीवरच्या माणसाने त्याला ओळखलं होतं. "घरच्या परत घ्यायला आलास का? त्या गेल्या रे बिश्केकला. या घे, चालतात."

*

सोमवारी सकाळी आपा न्हाणीत असताना तोलेगेनने पेटी उघडून टेंगे काढले आणि काद्यरकडे गेला. काद्यरचा भाव एकशे सत्त्याऐंशी होता, आणि तो डोळ्यांत बघत नव्हता.

"तुझ्यासाठी म्हणून सत्त्याऐंशी. कोऱ्या? कोऱ्या आता कुणाकडे आहेत, तोलेगेन? ज्यांच्याकडे होत्या ते त्यांवर बसून आहेत."

गणित केलं. अजून चौऱ्याहत्तर डॉलर कमी. तोलेगेन घरी परत आला. रौशन कणीक मळत होती. त्याने तिला सगळं सांगितलं नाही, पण जेवढं सांगितलं त्यावरून बाकीचं तिला कळलं. तीस वर्षांच्या संसारात तिला त्याची अर्धी वाक्यं पुरायची.

"म्हणजे म्हातारीच्या कफनावर बसून घसरत होता तर," ती म्हणाली.

"रौशन, कुल्पाश दोन वाजता येणार आहे."

तिने पिठाच्याच हाताने कानातले काढले आणि टेबलावर ठेवले. "घ्या, घरधनी. हे माझ्या आईने दिले होते. एका म्हातारीचं भरायला दुसरीचं काढलं. हेही लिहा वहीत."

गहाणाच्या दुकानात कानातल्यांवर चौदा हजार मिळाले. काद्यरने दोन हजार पाचशे साठ डॉलर मोजले: वीस शंभराच्या, दहा पन्नासच्या, तीन विसाच्या. विसाच्या एकीवर बॉलपेनने कुणीतरी फोन नंबर लिहिला होता. काराकोलच्या सहा नोटा त्यात मिसळल्या. तीन हजार. एक डॉलर कमी नाही. दीड वाजता तोलेगेनने हातरुमालाची गाठ मारली, आणि आठवड्यात पहिल्यांदा त्याने नीट श्वास घेतला. रकमेत चूक नव्हती. रोखपालाचा जीव तेवढ्याने शांत होतो.

कुल्पाश वेळेवर आली. सरळ पाठीची, टोचून बोलणारी, बातिशपेक्षा चार वर्षांनी लहान आणि डोळे ससाण्याचे. चहा झाला. बुरुल एजेचा मुरंबा दोघींनी चमच्याने चाटला.

"पोराला आठवण राहिली म्हाताऱ्यांची," कुल्पाश म्हणाली. "माझा म्हणतो, आई, तुझं गाठोडं आता पिशवीत मावेल."

"म्हणून तर बोलावलंय," आपा म्हणाली. "तोलेश, पेटी."

त्याने किल्लीने पेटी उघडली, हातरुमाल तिच्या मांडीवर ठेवला. आपाने गाठ सोडली, पण नोटा बाहेर काढल्या नाहीत. बिस्मिल्ला म्हणून रुमालाच्या आतच चवडीवर अंगठा ठेवला आणि एकेक नोट मागे सारत मोजू लागली. "एक. दोन. तीन."

चौथ्या नोटेवर तिचा अंगठा थांबला. तिने ती नोट चिमटीत धरून चोळली. सोडली. "चार." आवाज तोच होता. पण आता ती हळू मोजत होती, आणि प्रत्येक नोटेची घडी, मऊपणा, दुमडलेला कोपरा अंगठ्याखालून जात असताना तिचा चेहरा हळूहळू रिकामा होत गेला. डॉलरची एकाची नोट आणि शंभराची नोट एकाच मापाची असते. त्या बोटांना एवढंच कळत होतं की या तिच्या नाहीत. कितीच्या आहेत, घरात काय राहिलंय आणि काय गेलंय, यातलं काहीच तिला कळण्यासारखं नव्हतं.

"अठ्ठावीस. एकोणतीस."

तोलेगेनला तेव्हा सुचलं. आठवडाभर तो डॉलर मोजत होता. नोटा त्याने मोजल्याच नव्हत्या.

"तीस," आपा म्हणाली.

अंगठ्याखाली अजून नऊ नोटा होत्या. रुमालाच्या कडेतून त्यांची जाडी दिसत होती. तिने त्यांवर तळहात ठेवला. "तीस. पूर्ण आहेत."

"शाबास," कुल्पाश म्हणाली. "जिंकलीस, बातिश. मी गाढव ठरले."

"गाढव काय, आपल्याला कुठे कोण विचारून करतं." आपाने चवडीतून एक नोट ओढली. मध्ये एक श्वास घेतला, आणि ती कुल्पाशच्या हातात ठेवली. "ही तुझी. बोलले होते. शंभराची आहे, सांभाळ."

कुल्पाशने नोट बघितली. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू नव्हता. विसाची होती, फोन नंबर लिहिलेली. तिने मान वर केली आणि तोलेगेनकडे बघितलं. फार वेळ नाही, चहात साखर विरघळायला लागतो तेवढा. रौशन दारात उभी होती, तिचे कान रिकामे होते. कुल्पाशने तेही बघितलं. मग तिने नोटेची बारीक घडी केली आणि बाहीत सारली.

"शंभर!" ती मोठ्याने म्हणाली. "अल्ला तुला दहापट देवो, बातिश. आता माझं कफन घोट्यापर्यंत आलं."

कुल्पाश गेली. आपाने रुमालाची गाठ मारली, स्वतःच, दोनदा.

"दर किती मिळाला?" तिने विचारलं.

तोलेगेनने खोटं शोधलं, सापडलं नाही. "पन्नास साठ."

"चांगला मिळाला," आपा म्हणाली. "नोटा कोऱ्या होत्या." मग हात पुढे केला. "किल्ली."

त्याने ती दिली. तिने दोरा स्वतःच्या गळ्यात घातला नाही. चाचपडत रौशनचा हात धरला आणि किल्ली तिच्या मुठीत दाबली. रौशनने किल्ली गळ्यात घातली, आणि कानांत जिथे काही नव्हतं तिथे एकदा हात लावला.

तोलेगेन बाल्कनीत जाऊन उभा राहिला. सवयीने त्याने बेरीज केली. बुरुल एजेचे सहा हजार सोम, तेही नवऱ्यापासून लपवून. पाच जणांचं चार दिवसांचं मांस आणि गरम पाणी, सेरिकबोलच्या पोरीचे लोकरी बूट. रौशनचे कानातले. आपाच्या कोऱ्या नोटा, त्यातल्या पाच मयत धुणाऱ्या बायकांच्या हातात पडायच्या होत्या. कुल्पाशचे ऐंशी, जे तिला मिळाले नाहीत आणि ज्यांच्याबद्दल ती कधी बोलणार नाही. स्वतःचा खर्च लिहायला त्याने खिशात हात घातला. त्यात एकशे नव्वद सोम आणि दोनशे ऐंशी टेंगे होते. एवढे सगळे भरून मोकळे झाले होते, आणि तोलेगेनच्या खिशात पैसे उरले होते.